घटस्फोटाच्या हुकमातच घराचा निकाल लागला पाहिजे

२०२५च्या सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने एका वैवाहिक वादात स्पष्ट केलं की, घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर ‘हप्ते मी एकट्याने भरले’ एवढ्या आधारावर नवऱ्याला संपूर्ण मालकी सांगता येणार नाही. बातमी आली आणि वादाच्या दोन फळ्या लगेच उभ्या राहिल्या. एक म्हणते, लग्न मोडलं की नावही निघालं पाहिजे. जिच्याशी संबंध उरला नाही तिचं नाव माझ्या घराच्या कागदावर कशाला? दुसरी म्हणते, नाव लागलं की हक्क लागला, त्यावर पुढे बोलायचं कारण नाही. दोन्हीकडचा राग खरा आहे. पण न्यायालयाने लग्न मोडल्याचा हुकूम दिला त्या दिवशी त्या घराचं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. अनेकदा उत्तर असतं: काहीच झालं नाही. लग्न संपलं, घर दोघांच्या नावावर तसंच राहिलं, आणि पुढची पाच-दहा वर्षं दोन माणसं त्या कागदाला बांधलेली राहिली.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. घटस्फोटाने लग्न संपतं, मालकी संपत नाही आणि संपताही कामा नये. आपोआप नाव निघावं ही मागणी अन्यायाची आहे. पण ते नाव हिशेबाविना लोंबकळत ठेवणं हाही तितकाच अन्याय आहे, आणि तो दोघांवरही होतो. म्हणून सामाईक घराचा निकाल घटस्फोटाच्या हुकमातच, रक्कम आणि मुदत घालून लागला पाहिजे. आणि त्या हुकमाप्रमाणे होणाऱ्या हस्तांतरणावर राज्य सरकारने मुद्रांक शुल्क आकारता कामा नये.

आधी कायदा काय आहे ते पाहू, कारण निम्मा वाद गैरसमजावर चालला आहे. दोघांच्या नावाने खरेदीखत झालं की दोघंही मालक. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ४५वं कलम सांगतं की दोघांनी मिळून घेतलेल्या मालमत्तेत ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा, आणि कोणी किती घातले याचा पुरावा नसेल तर हिस्से समान धरायचे. हा हिस्सा जातो तो नोंदणीकृत दस्तानेच: हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र किंवा विक्रीखत. घटस्फोटाचा हुकूम घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेलं आणि भाग दाखल्यावरून माजी बायकोचं नाव कमी करा म्हटलं, तर सेक्रेटरीला ते करण्याचा अधिकारच नाही. वीजबिलावरचं, मालमत्ता कराच्या पावतीवरचं नाव बदलून घेऊन ‘नाव काढलं’ असं समाधान मानणारे पुष्कळ आहेत. इंडेक्स टूवर, म्हणजे दुय्यम निबंधकाकडच्या दस्तनोंदणीच्या उताऱ्यावर, दोन नावं आहेत तोवर घर दोघांचंच. परदेशातल्या मराठी जोडप्यांची फसगत इथेच होते. न्यू जर्सीत घटस्फोट झाला, तिथल्या न्यायालयाने कोथरूडचा फ्लॅट एकाला देऊन टाकला, पण तो कागद इथल्या दुय्यम निबंधकापुढे ठेवल्याने नाव निघत नाही. दस्त इथेच करावा लागतो आणि त्यावर दुसऱ्याची सही लागते.

आता समोरच्या बाजूचं जे बळकट आहे ते मान्य करायला हवं. बायकोचं नाव घरावर घालताना प्रत्येक नवरा अर्धं घर देण्याच्या विचाराने घालत नाही. महाराष्ट्रात २०२१पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, कर्ज देणाऱ्या काही संस्था महिला कर्जदाराला व्याजदर थोडा कमी लावतात, आणि दोघं सहकर्जदार असतील तर प्राप्तिकरातली व्याजाची वजावट दोघांना वेगवेगळी घेता येते. सल्लागार सांगतो, नाव घालून टाका. आणि नाव घातलं जातं. लग्न दोन वर्षांत मोडलं, पुढचे अठरा वर्षांचे हप्ते एकट्याने भरले, आणि घर विकायची वेळ आली तेव्हा समोरच्या व्यक्तीने सही अडवून बाजारभावाने निम्मी रक्कम मागितली, असं ज्याच्या वाट्याला येतं त्याचा संताप खोटा म्हणता येत नाही. अडवणुकीसाठी सही रोखणारी माणसं आहेत, बायकांतही आहेत. याकडे डोळेझाक करून ‘नाव म्हणजे हक्क’ एवढंच घोकत राहिलं तर एका खऱ्या अन्यायाला आपण उत्तर देत नाही.

पण याच युक्तिवादाचा कणा असलेली गोष्ट, ‘पैसे माझे, म्हणून घर माझं’, ती मात्र टिकत नाही. पुण्या-मुंबईतल्या नोकरदार जोडप्याचा महिना कसा चालतो हे आपल्याला ठाऊक आहे. हप्ता नवऱ्याच्या खात्यातून वळता होतो, कारण पगाराचं खातं त्याच बँकेत आहे. तिच्या पगारातून किराणा, शाळेची फी, सासूबाईंची औषधं, कामवाल्या मावशींचा पगार, गणपतीचा खर्च जातो. तिचे पैसे खर्चले जातात आणि मागे काहीच ठेवत नाहीत; त्याचे पैसे विटांमध्ये साठतात. वीस वर्षांनी बँकेचं विवरणपत्र काढलं तर त्यावर त्याचंच नाव दिसतं. पण तिने तो किराणा भरला नसता, तर त्याच्या पगारातून हप्ता निघाला असता का? डाऊन पेमेंटसाठी तिच्या पाटल्या मोडल्या असतील, तिच्या वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून चार लाख दिले असतील, तर त्याची पावती कोण करतं? घरच्या घरात कुणी पावत्या करत नाही, आणि नेमकं हेच न करणं पुढे न्यायालयात एकाच्या पथ्यावर पडतं.

आणि जी नोकरी करत नव्हती तिचं काय? मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३मध्ये या प्रश्नाला सरळ हात घातला. परदेशी नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत, घर आणि मुलं सांभाळणाऱ्या पत्नीचं अप्रत्यक्ष योगदान धरून न्यायालयाने तिला समान हिस्सा मान्य केला. चोवीस तास घर सांभाळणारी व्यक्ती असल्यामुळेच दुसऱ्याला कमावता येतं, हा त्यामागचा विचार. इंग्लंडच्या १९७३च्या कायद्याने घटस्फोटाच्या वेळी मालमत्ता एकाकडून दुसऱ्याकडे देण्याचा अधिकार न्यायालयाला दिला, आणि तो वापरताना घर सांभाळण्याचं योगदानही विचारात घ्यायला लावलं. मालकी हक्काचा सगळा सांगाडा आपण इंग्रजांकडून घेतला. आपला हिंदू विवाह कायदा मात्र १९५५चा. त्याचं २७वं कलम लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या सामाईक वस्तूंबद्दल बोलतं. लग्नानंतर आठव्या वर्षी कर्ज काढून घेतलेला फ्लॅट त्या कलमाच्या शब्दांत सहजासहजी बसत नाही.

‘पैसे ज्याने भरले त्याचीच वस्तू’ हे तत्त्व आपल्या कायद्याने फार पूर्वीच सोडलं आहे. १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यानुसार नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा बायको-मुलांच्या हितासाठी काढला, तर त्याचे सगळे हप्ते तोच भरत असूनही तो विमा त्याच्या मालमत्तेचा भाग राहत नाही. त्याच्या सावकारांनाही त्यावर हक्क सांगता येत नाही. आजही विमा एजंट हा कायदा दाखवून पॉलिसी विकतात. विम्याचे हप्ते भरणाऱ्याला ‘मी भरले म्हणून माझे’ म्हणता येत नाही हे दीडशे वर्षं चालतं, मग घराच्या हप्त्यांबद्दल तेच म्हटलं की आकाश का कोसळतं? बेनामी व्यवहारांचा कायदाही इथे आठवावा. बायकोच्या नावाने आपल्या ज्ञात उत्पन्नातून घर घेण्याची मुभा तो देतो, कारण संसारात असं होणारच हे त्याने गृहीत धरलं आहे. ती सोय हवी, सवलत हवी, कर्जाची पात्रता वाढवण्यासाठी तिचा पगारही हवा. आणि लग्न मोडताच ते नाव केवळ कागदापुरतं होतं म्हणायचं, हे न्यायाचं नाही.

स्त्रीच्या नावावर काहीतरी असणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राने रखमाबाईंच्या खटल्यात पाहिलं आहे. दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली बायकोने नांदायला यावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. सारा समाज धर्म, शास्त्र आणि पातिव्रत्य यांवर भांडत होता. पण रखमाबाईंना वडिलांकडची मालमत्ता मिळालेली होती, आईने पुनर्विवाहाच्या वेळी ती त्यांच्या नावावर केली होती, आणि दाव्यामागे तीही एक ओढ आहे असं त्यांच्या बाजूने तेव्हाच सांगितलं जात होतं. १८८७मध्ये न्यायालयाने त्यांना नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असं बजावलं. अखेर १८८८मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि त्या पुढे डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या. ते दोन हजार द्यायची ऐपत नसलेल्या बाईचं काय झालं असतं? आजही वादाचा आवाज नीतीचा असतो आणि खाली प्रश्न मालमत्तेचा असतो. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी बसलेल्या बायकांना ऐकवलं जातं: आधी हक्कसोडपत्रावर सही कर, मग मी संमती देतो, मुलाचा ताबा हवा ना, मग घर सोड. ही किंमत अनेकजणी मुकाट्याने देतात, कारण सुटका तातडीची असते आणि घराचा हिस्सा दूरचा वाटतो.

इथेच आजच्या पद्धतीतला खरा दोष आहे, आणि तो दोघांनाही छळतो. परस्पर संमतीच्या अर्जात दोन टप्पे असतात, आणि दुसऱ्या टप्प्यापर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. तिने आधी सही केली आणि तो दुसऱ्या तारखेला आलाच नाही, तर घरही गेलं आणि घटस्फोटही नाही. आधी हुकूम झाला आणि मग ती सही द्यायला आली नाही, तर पैसे देऊन बसलेला तो अडकला. दोघांतही विश्वास उरला नाही म्हणून तर ते तिथे आलेले आहेत. त्यांनी एकमेकांवर विश्वास टाकून दस्त करावा ही अपेक्षाच चुकीची. वादग्रस्त घटस्फोटात तर घराचा विषय बाजूलाच राहू शकतो. लग्नाचा निकाल कौटुंबिक न्यायालयात आणि घरासाठी पुढे वेगळा वाटपाचा दावा. १८९३चा वाटणीचा कायदा सांगतो की मालमत्तेचे सोयीने तुकडे होत नसतील तर निम्म्या हिस्सेदाराला विक्री मागता येते आणि दुसऱ्याला न्यायालय ठरवेल त्या किमतीत तो हिस्सा घेता येतो. कायदा शहाणा आहे, पण तिथवर पोचायला अर्धं तारुण्य जातं.

नाव राहिल्याने त्या व्यक्तीचा फायदाच होतो असंही नाही. मालकीबरोबर कर्जावरही तिचं नाव असतं. बँकेच्या करारात दोघं संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार असतात, आणि बँक घटस्फोटाच्या प्रकरणात पक्षकार नसते. न्यायालयात काहीही ठरो, बँकेच्या लेखी ती कर्जदारच. माजी नवऱ्याने दोन हप्ते चुकवले की सिबिल तिचा घसरतो. ती स्वतःसाठी एक खोलीचं घर घ्यायला गेली की जुनं कर्ज तिच्या पात्रतेतून वजा होतं. ज्या घरात ती राहत नाही, ज्याची किल्ली तिच्याकडे नाही, त्याचं ओझं तिच्यावर राहतं. तेव्हा नाव वेळेत आणि मोबदला घेऊन निघणं ही स्त्रियांच्या बाजूचीही मागणी आहे. ती केवळ चिडलेल्या नवऱ्यांची म्हणून का सोडून द्यायची?

मग करायचं काय? कौटुंबिक न्यायालयांना १९८४च्या कायद्याने पती-पत्नींच्या मालमत्तेचे वाद ऐकण्याचा अधिकार आधीच दिला आहे. अधिकार आहे, बंधन नाही. ते बंधन घातलं पाहिजे: दोघांच्या नावावर राहतं घर असेल तर त्याचं मूल्य, शिल्लक कर्ज, प्रत्येकाचा हिस्सा, कोण कोणाला किती रक्कम कधी देणार आणि दस्त कोणत्या तारखेपर्यंत होणार हे लिहिल्याशिवाय अंतिम हुकूम निघू नये. रक्कम आणि सही केलेला दस्त दोन्ही न्यायालयात जमा व्हावेत आणि हुकमासोबत एकाच दिवशी सुटावेत. तरीही कुणी सही नाकारली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ३४प्रमाणे न्यायालय त्याच्या वतीने दस्त पूर्ण करू शकतं. ही तरतूद जुनी आहे. ती चालायला मात्र हुकमात फ्लॅटचा क्रमांक, क्षेत्रफळ, हिस्सा आणि मुदत नेमकी लिहिलेली लागते. ‘उभय पक्ष मालमत्तेबाबत सामोपचाराने ठरवतील’ अशा वाक्याची अंमलबजावणी जगातलं कोणतंही न्यायालय करू शकत नाही.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप विलंबाचा आहे. मारझोडीतून सुटू पाहणाऱ्या बाईला घराच्या मूल्यांकनासाठी आणखी दोन वर्षं थांबवणार का? आक्षेप योग्य आहे, आणि अशा प्रकरणांत न्यायालयाला कारणं नोंदवून लग्न आधी मोडण्याची आणि घराचा भाग त्याच न्यायाधीशांपुढे, त्याच प्रकरणात चालू ठेवण्याची मुभा हवी. पण एरवी विलंब कशात असतो? माहिती लपवण्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात पोटगीच्या प्रकरणांसाठी दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. म्हणजे घर, कर्ज, हप्ते यांचा तपशील अनेक प्रकरणांत न्यायालयासमोर आलेलाच असतो. तो वाचून पोटगी ठरते आणि घराचं मात्र तुम्ही बघा म्हटलं जातं. एकाच कागदावरून दोन निकाल देण्याऐवजी दुसऱ्यासाठी आणखी एक दावा लावायला सांगणं, खरा विलंब तो आहे.

दुसरा आक्षेप गोव्याकडे बोट दाखवून घेतला जातो. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते, दोघांचा अर्धा अर्धा हिस्सा; १९६१च्या आयकर कायद्यानेसुद्धा त्यांचं पगाराशिवायचं उत्पन्न दोघांत विभागण्यासाठी ५अ हे वेगळं कलम ठेवलं. विरोधक म्हणतात, तरीही तिथल्या बायकांच्या हाती कारभार आला का? कागदावर अर्धं आणि घरात शून्य, असं तिथेही असतं. हे खरं आहे. पण गोव्यात लग्न मोडतं तेव्हा ‘हे घर मुळात कोणाचं’ या मुद्द्यावर भांडण सुरू होत नाही. वाटणी किती आणि कशी यावर होतं, आणि त्यासाठी इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटप करण्याची, ठरलेली प्रक्रिया आहे. आपल्याकडे पहिल्या प्रश्नातच माणसं थकून जातात. संसदेने यातलं काही करून पाहिलं होतं. घटस्फोटाच्या वेळी पत्नीला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देण्याचा विचार करणारं विवाह कायदा दुरुस्ती विधेयक २०१३मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, पुढे लोकसभेत ते संमत झालंच नाही.

महाराष्ट्राचा इतिहास मात्र यात मागे राहणाऱ्याचा नाही. १९८६च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. शरद जोशींनी शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायला सांगितलं, आणि शंभर घरांनी तो केला तर गाव लक्ष्मीमुक्तीचं ठरायचं. कष्ट तिचे होते, सातबारा त्याचा होता. त्या ऋणातून मोकळं होण्याची ती भाषा होती. १९९२मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट सोपी केली. त्यानंतर घराच्या नोंदीवर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावण्याचं ‘घर दोघांचे’ अभियान आलं, आवास योजनेत घर स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावावर देण्याचा नियम आला. आता विचार करा: लग्न मोडताच हे नाव आपोआप निघणार असेल तर या सगळ्याला काय अर्थ राहिला? लग्न सुरळीत चाललेलं असताना नावाची गरज फारशी पडतच नाही. ती पडते लग्न मोडल्यावर. नेमक्या त्याच दिवशी गळून पडणारा हक्क देऊन आपण कुणाला काय दिलं?

राहिला मुद्रांक शुल्काचा मुद्दा, आणि तो दिसतो त्याहून मोठा आहे. महाराष्ट्रात २०१५पासून राहतं घर पती-पत्नीने एकमेकांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. घटस्फोटाचा हुकूम झाला की ते पती-पत्नी राहत नाहीत. मग पुण्यातल्या एक कोटीच्या फ्लॅटमधला निम्मा हिस्सा हक्कसोडपत्राने सोडायचा, तर पन्नास लाखांवर सात टक्के, म्हणजे साडेतीन लाख रुपये. नोंदणी कायद्याच्या १७व्या कलमात न्यायालयाच्या हुकमाला सूट आहे, पण तडजोडीच्या हुकमात दाव्याचा विषय नसलेली स्थावर मालमत्ता आली की ती सूट जाते, आणि घटस्फोटाच्या अर्जाचा विषय लग्न असतं, फ्लॅट नसतो. म्हणून वकील सांगतात, हुकमाच्या आधीच बक्षीसपत्र उरकून घ्या. आणि आधी सही करायची म्हटलं की ती जुनी कोंडी पुन्हा समोर येते: आधी कोण? दोनशे रुपये आणि साडेतीन लाख यांतला हा फरक माणसांना चुकीच्या क्रमाने सह्या करायला लावतो, आणि त्यात जो दुबळा तो बुडतो. घराचं हस्तांतरण लग्नाच्या वाटणीपोटी आहे, तो बाजारातला व्यवहार नाही. हुकमाच्या आदल्या दिवशी सरकार ते मानतं आणि दुसऱ्या दिवशी मानत नाही.

विवाह आणि घटस्फोटाचा कायदा बदलायला दिल्लीची वाट पाहावी लागेल. हस्तांतरणाच्या मुद्रांकाचे दर मात्र राज्याच्या हातात आहेत. ‘कौटुंबिक न्यायालयाच्या हुकमानुसार, हुकमापासून एका वर्षात, माजी पती-पत्नींमध्ये झालेलं राहत्या घराचं हस्तांतरण’ एवढे शब्द त्या दोनशे रुपयांच्या तरतुदीत घालायला विधिमंडळाचं एक अधिवेशन पुरेल.